फुलपाखरांची बाग: आधी पानं, मग फुलं

पहिल्या वर्षी मी गच्चीवर झेंडू, झिनिया आणि पिवळ्या कॉसमॉसच्या अठरा कुंड्या भरल्या होत्या. फुलं भरभरून आली, फुलपाखरंही आली. पण ती यायची, दोन घोट मध प्यायची आणि कठड्यावरून पलीकडे निघून जायची. मी खानावळ उघडली होती, बाळंतपणाची सोय केलीच नव्हती.

उत्तर मिळालं ते धुण्याच्या दगडाशेजारच्या मरतुकड्या कढीपत्त्यावर. त्याची पानं कुणीतरी कुरतडत होतं. फवारा मारायला म्हणून गेलो आणि पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली. काडीने ढकलायला गेलो, तर विष्ठेने डोकं वर केलं आणि डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढली. आंबूस, उग्र वास आला. ती कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी होती. तेव्हापासून माझी बाग उलट्या क्रमाने लागते. आधी अळीने खायची पानं, मग फुलपाखराने प्यायची फुलं. हा लेखही त्याच क्रमाने आहे आणि तो महाराष्ट्रातल्या हवामानाला आणि इथल्या झाडांना धरून आहे.

अळीचं झाड ही काय भानगड आहे

फुलपाखरू मध कुठल्याही फुलातून पिईल, सोंड पोचली की झालं. अळीचं तसं नसतं. बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक एक-दोन कुळांतल्याच झाडांची पानं खातात. ती मिळाली नाहीत तर उपाशी मरतात, दुसऱ्या पानाला तोंड लावत नाहीत. कारण सरळ आहे. झाडं आपल्या पानांत विषारी किंवा कडू रसायनं भरून ठेवतात आणि प्रत्येक जातीची अळी काही मोजकीच विषं पचवायला शिकलेली असते. रुईचा चीक प्लेन टायगर या फुलपाखराची अळी पचवते. नुसती पचवत नाही, साठवून ठेवते, आणि त्यामुळे पुढे फुलपाखरूही पक्ष्यांना कडू लागतं.

म्हणून मादी अंडी घालायला फिरते तेव्हा फुलांकडे बघतसुद्धा नाही. तिच्या पायांना चव कळते. ती पानावर टेकते, पुढचे पाय झपझप आपटून पानाची परीक्षा घेते, पटलं नाही तर उडते. कढीपत्त्यावर हे मी कितीदा तरी पाहिलंय. मॉरमॉनची मादी पंख फडफडत ठेवूनच कोवळ्या पानाला क्षणभर चिकटते, पोट वाकवते, मोहरीपेक्षा लहान असं फिकट पिवळं गोल अंडं चिकटवते आणि पुढच्या फांदीवर जाते. एका पानावर सहसा एकच अंडं. सगळा कार्यक्रम दोन मिनिटांत आटोपतो.

अंड्यातून अळी बाहेर यायला तीन ते पाच दिवस, अळीचे दोन-तीन आठवडे, कोषाचे साधारण एक ते दोन आठवडे. उन्हाळा-पावसाळ्यात हे चक्र भरभर फिरतं, थंडीत रेंगाळतं.

पहिली पायरी: जागा बघा, खरेदी नंतर

फुलपाखरांचं शरीर स्वतःची ऊब स्वतः धरून ठेवत नाही. उन्हात पंख पसरून अंग तापवल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. त्यामुळे दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन लागेल अशीच जागा हवी, आणि त्यात सकाळचं ऊन असेल तर फारच छान. पूर्व बाजू मोकळी ठेवा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला आडोसा हवा: भिंत, निर्गुडीचं कुंपण, किंवा गच्चीवर लिंबाच्या मोठ्या कुंड्यांची रांग. वाऱ्याच्या झोतात फुलपाखराला फुलावर धड बसताही येत नाही. गच्ची कितीही सुंदर सजवा, वारा सुसाट असेल तर ती रिकामीच राहणार.

दुसरं काम फुकटातलं आहे. आठवडा-दोन आठवडे घराभोवती अर्ध्या किलोमीटरच्या परिसरात हिंडून काय काय उडतंय ते बघून ठेवा. पडीक प्लॉट, रेल्वेची कड, शाळेचं कुंपण, ओढ्याचा काठ. दिसलेल्या फुलपाखराचा फोटो काढा आणि ओळखा. जे परिसरात आहे तेच तुमच्याकडे येणार. मराठवाड्यातल्या गच्चीवर सदर्न बर्डविंगची वाट बघण्यात अर्थ नाही, ते सह्याद्रीच्या ओल्या पट्ट्यातलं. पण तिथे प्लेन टायगर, एमिग्रंट, ग्रास यलो आणि बोरीवरचं कॉमन पिएरो अगदी हक्काने येतील.

दुसरी पायरी: अळीची झाडं निवडा

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी बाग यावरच उभी राहते.

*लिंबू कुळ.* सुरुवात इथूनच करा. कढीपत्ता, लिंबू, बेल, कुंती ही सगळी याच कुळातली. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन, लिंबू आणि बेलावर लाइम बटरफ्लाय. ओल्या, झाडीच्या भागात असाल तर लिंबूवर्गीय झाडांवर ब्लू मॉरमॉनही अंडी घालतं. हे आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ साली ते जाहीर झालं, आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात, नीलवंत हे नावही आता रुळलंय. मुंबई-पुण्याच्या बागांतही ते दिसतं, त्यामुळे आशा ठेवायला हरकत नाही.

कढीपत्त्याचं एकच रोप लावू नका. शेवटच्या चार-पाच दिवसांत अळी अशी खाते की हातभर उंचीच्या रोपाच्या नुसत्या काड्या उरतात. तीन रोपं ठेवा. एक आमटीसाठी, दोन त्यांच्यासाठी. (आमच्याकडे तिसरंही त्यांनीच घेतलं, आमटीचा कढीपत्ता आता भाजीवाल्याकडून येतो.)

*रुई आणि तिचे नातेवाईक.* रुईवर प्लेन टायगर आणि कधी स्ट्राइप्ड टायगर. रुई फुकट मिळते, पाणी मागत नाही, मुरमातही वाढते. चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका, छाटताना हातमोजे घाला. अनंतमूळ म्हणजे उपळसरी हा नाजूक वेल कॉमन क्रोसाठी, तसंच कण्हेरही. कण्हेरीच्या पानाखाली चकचकीत चांदीचा झुमका लटकलेला दिसला तर तो कॉमन क्रोचा कोष. आरशासारखा इतका चमकतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खरं वाटत नाही. कण्हेर विषारी आहे, घरात रांगतं मूल असेल तर ती वगळा.

*टाकळा, बहावा.* पावसाळ्यात कुठेही उगवणाऱ्या टाकळ्यावर ग्रास यलो आणि एमिग्रंट पोसतात. बहाव्याच्या कोवळ्या पानावरही एमिग्रंटच्या अळ्या ढिगाने असतात. बहावा मोठं झाड आहे, अंगण असेल तरच लावा. टाकळ्याला वीतभर जागा पुरते.

*लहान झुडपं आणि तण.* चित्रकावर झेब्रा ब्लू. चित्रक अर्ध्या सावलीतही खूश असतो आणि त्याच्या पांढऱ्या फुलांवर बाकीचेही येतात. कोरांटीवर पॅन्सी जातीतली फुलपाखरं. घोळीवर डनाइड एगफ्लाय. याची गंमत अशी की मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. कडू नसून कडूपणाचं सोंग आणते. नर मात्र काळा, पंखांवर पांढरे ठळक गोल. पहिल्यांदा जोडी पाहिली तेव्हा मी दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवल्या होत्या.

*वेल.* सापसंद मिळाली तर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ, कोकणात आणि घाटमाथ्याजवळ बर्डविंगसुद्धा. या वेलीत मूत्रपिंडाला घातक असं रसायन असतं, त्यामुळे ‘औषधी आहे’ असं कुणी सांगितलं तरी काढे करून पिऊ नका. वाघाटीवर पायोनियर, आणि जागा असेल तर वायवर्णावर ग्रेट ऑरेंज टिप.

मोठी झाडं शेजारात असतील तर ती तुमच्याच बागेतली समजा. आंबा असेल तर कॉमन बॅरन आहे. सोसायटीच्या फाटकाशी उंच सरळ अशोक असेल (खरं नाव आसुपालव) तर ‘टेल्ड जे’ हे फुलपाखरू आहे. आंब्यावर बांडगूळ असेल तर कॉमन जेझबेल. बांडगूळ उपटून काढावं की नाही यावर आंबावाल्यांशी वाद घालू नये, पण एखादी फांदी राहू दिली तर त्यांचंही काही बिघडत नाही.

सगळंच लावायचा हव्यास नको. छोट्या गच्चीसाठी कढीपत्ता, लिंबू, चित्रक, कोरांटी आणि एक घोळीची पसरट कुंडी. एवढ्यावर वर्षभरात चार-पाच जाती तुमच्याकडे जन्माला येऊ शकतात.

देशी म्हणजे नक्की काय

या यादीत मी पानफुटी आणि कृष्णकमळ घेतलेलं नाही, आणि अनेकांना ते खटकेल. पानफुटीवर रेड पिएरो येतं, कृष्णकमळावर टॉनी कोस्टर येतं, दोन्ही गोष्टी खऱ्या. पण पानफुटी मूळची मादागास्करची आणि कृष्णकमळाचं कुळ मुख्यत्वे अमेरिकेतलं. आपल्या फुलपाखरांनी ती आपलीशी केली आहेत इतकंच. घरात आधीच असतील तर उपटू नका, कुंडीत असू द्या. नव्याने लावायचं तर आधी इथलं लावा.

खरी भांडणाची जागा दुसरी आहे. घाणेरी आणि रानमोडी या दोन्ही झुडपांवर फुलपाखरांची झुंबड असते आणि म्हणून ‘फुलपाखरांसाठी उत्तम’ म्हणून त्यांची शिफारस होते. दोन्ही अमेरिकेतून आलेल्या, आणि जगातल्या सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत दोन्हींची नावं आहेत. त्या पसरतात तिथे खालचं टाकळा, कोरांटी, गवत सगळं गुदमरतं. म्हणजे मध मिळाला आणि अळीचं जेवण गेलं. पिवळ्या कॉसमॉसचंही तेच. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर तो जे पिवळं रान माजवतो ते फोटोत सुरेख दिसतं, पण त्याखाली काय दडपलं गेलं ते फोटोत येत नाही. माझ्या पहिल्या अठरा कुंड्यांत तो होता, हे वर लिहिलंच आहे. बी वाऱ्यावर जाण्याआधी काढून टाकला.

झेंडूचं काय? तोही मेक्सिकोचा. पण तो कुंडीतून उठून डोंगर व्यापत नाही. दसऱ्याला लावा, कुणी अडवणार नाही.

तिसरी पायरी: मधाची फुलं

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, फुलांचा आकार. लहान सोंडेच्या ब्लू आणि ग्रास यलोंना उथळ, बारीक फुलं लागतात: सहदेवी, कुंभा, तुळस, कुर्डू. लांब सोंडेच्या मॉरमॉन, रोझ आणि ‘टेल्ड जे’ यांना नळीसारखी फुलं आवडतात, त्यांच्यासाठी इक्झोरा म्हणजे पेंटगूळ, भूतकेस आणि कोरांटी. भूतकेसाचं पांढरं पान हे खरं तर फुलाचं वाढलेलं निदल, मध असतो तो मधल्या केशरी नळीत. शिवाय त्याच्या पानावर कमांडरच्या अळ्या वाढतात, म्हणजे एका झाडात दोन्ही सोयी. तेरडाही या मधल्या फळीतला. नर्सरीत मिळणारा भरगच्च पाकळ्यांचा तेरडा टाळून साधा रानातला एकेरी तेरडा लावा. दुहेरी फुलात पाकळ्यांचीच इतकी गर्दी असते की मधापर्यंत वाटच राहत नाही.

दोन, सलग फुलोरा. आपल्या रानफुलांचा जोर श्रावण ते कार्तिकात असतो. तेव्हा मध कमी पडतच नाही. टंचाई येते ती फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. त्यामुळे उन्हाळ्यातही फुलतील अशी दोन-तीन झाडं आधी लावून ठेवा: इक्झोरा, पाणी मिळालं तर वर्षभर फुलणारी रुई, आणि मोकळ्या जागेत धायटी. दिंडा आणि निर्गुडी पावसाळ्याच्या बाजूने. दिंड्याच्या फुलोऱ्याला मी बागेतली खानावळ नंबर एक म्हणतो. फुलं दिसायला काहीच नाहीत, पण सकाळी दहाच्या उन्हात त्यावर बसायला जागा मिळत नाही.

लावताना एकेक रोप विखरून लावू नका. एकाच जातीची पाच-सात रोपं एकत्र, असे पुंजके करा. फुलपाखराला वरून रंगाचा डाग दिसायला हवा.

आणखी एक खास युक्ती. खुळखुळा आणि भुरुंडी या दोन रानझाडांवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर जमतात, तेही फुलांवर कमी आणि वाळलेल्या, चुरगळलेल्या पानांवर आणि शेंगांवर जास्त. मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला लागणारी रसायनं त्यांना तिथून मिळतात. खुळखुळ्याची एक फांदी मोडून उन्हात लटकवून ठेवा. ऑक्टोबरच्या आसपास ब्लू टायगर आणि क्रोंचे थवे फिरत असतात. तेव्हा या एका फांदीवर दहा-बारा नर एकमेकांना ढकलत बसलेले मी मोजलेत.

चौथी पायरी: बी आणि रोपं

रानफुलांची रोपं नर्सरीत क्वचितच मिळतात, बहुतेक स्वतःच करावी लागतात. बी गोळा करायचं ते ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, शेंगा वाळल्यावर. एकाच झाडाला ओरबाडू नका, थोडंथोडं अनेक झाडांवरून घ्या, आणि दहा झाडं दिसत असतील तिथूनच घ्या. कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही राखीव जंगलातून बी, कंद, रोप काहीही आणायचं नाही. रस्त्याच्या कडेला, बांधावर, पडीक जागेत पुरेसं असतं.

बी कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन बुरशी येते. पाकिटावर नाव, जागा आणि महिना लिहा. आत्ता वाटतं लक्षात राहील, जूनमध्ये सगळी पाकिटं सारखीच दिसतात.

टाकळ्याचं बी टणक कवचाचं. सॅंडपेपरवर हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, फुगलेलं तेवढं पेरा. तेरड्याची शेंग फुगून फिकी पडली की मुठीत धरूनच तोडा, कारण हात लागताच ती फुटते आणि बी चौफेर उडतं. कुंभा आणि सहदेवीचं बी बारीक, ते मूठभर वाळूत मिसळून ओल्या मातीवर शिंपडायचं, वरून माती टाकायची नाही. रुईचं बी कापसाची शेंडी काढून नखाएवढं खोल पेरा, आणि रोप चार पानांचं असतानाच कायमच्या जागी हलवा. तिचं सोटमूळ खोल जातं, नंतर हलवलं तर रुसते. कढीपत्त्याचं बी मात्र साठवून चालत नाही. काळं पिकलेलं फळ चोळून गर काढा आणि त्याच आठवड्यात पेरा.

चित्रक, निर्गुडी, कोरांटी, इक्झोरा या सगळ्यांच्या फांद्या जूनमध्ये लागतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी, खालची पानं काढून, दोन पेरं मातीत. अनंतमूळ मुळाच्या तुकड्यावरून येतं, पण हळू. वर्षभर काही दिसलं नाही म्हणून कुंडी ओतू नका.

मातीला फार लाड नको. दोन भाग साधी माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. रानफुलांना जास्त खत दिलं तर उंच, लोळणारी, फुलांविना झाडं मिळतात. कढीपत्ता आणि लिंबू याला अपवाद, त्यांची पानं सतत खाल्ली जातात, त्यांना महिन्या-दीड महिन्याने शेणखत द्या आणि निदान बारा-चौदा इंची कुंडी द्या.

रोपं विकत घेणार असाल तर एक सावधगिरी. दुसऱ्या वर्षी मी एका नर्सरीतून तजेलदार, एकही भोक नसलेली लिंबाची दोन रोपं आणली. आठवड्यात त्यावर लाइमने अंडी घातली, अळ्या निघाल्या आणि दोन दिवसांत काळ्या पडून गळल्या. मी फवारणी केली नव्हती, पण नर्सरीने केली होती, आणि काही कीटकनाशकं झाडाच्या रसात मुरून दीर्घकाळ टिकतात. तेव्हापासून मी मुद्दाम पानं कुरतडलेलं रोप मागतो. विकणारा गोंधळून स्वस्तात देतो. आणि नवं रोप दोन-तीन महिने, नवी पालवी दोनदा येईपर्यंत, बागेतल्या बाकीच्या कुंड्यांपासून बाजूला, बारीक जाळीखाली ठेवतो.

पाचवी पायरी: चिखल आणि सडकी फळं

नदीकाठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांचा घोळका बसलेला पाहिलाच असेल. ते बहुतेक नर असतात आणि पाण्यातून क्षार, विशेषतः मीठ, शोषत असतात. बागेत हे करायला कुंडीखालची उथळ थाळी पुरते. तिच्यात वाळू आणि माती भरा, चिमूटभर मीठ किंवा थोडं शेण कालवा, पाणी शिंपडून ओलं ठेवा, मध्ये बसायला दोन चपटे दगड. पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर फुलपाखरांआधी डेंग्यूचे डास येतील.

कॉमन बॅरन, इव्हनिंग ब्राउन यांच्यासारख्या मंडळींना फुलांत फारसा रस नसतो. त्यांना काळं पडलेलं केळं, फुटलेला पेरू, आंब्याची साल सावलीत ठेवा. मुंग्या चढतात, म्हणून ती थाळी पाण्याच्या मोठ्या परातीत उंचवट्यावर ठेवायची आणि परातीतलं पाणी रोज बदलायचं.

सहावी पायरी: काय करायचं नाही

फवारणी बंद, पूर्ण बंद. ‘सेंद्रिय’ शब्दाला भुलू नका. कडुनिंबाच्या अर्काने अळ्यांचं खाणं थांबतं आणि वाढ खुंटते. आणि अळ्यांसाठी म्हणून विकली जाणारी जिवाणूयुक्त पावडर तर अळीच मारायला बनवलेली आहे, ती मॉरमॉनची का कोबीवरची हे तिला कळत नाही. रुईवर पिवळा मावा येईल, येऊ द्या. फार झाला तर पाण्याच्या झोताने धुवा, आधी अंडी-अळ्या बघून घ्या. सोसायटीत डासांची धुरळणी होते, त्या दिवशी अळ्यांच्या कुंड्या आत घेणं एवढंच हातात असतं.

अळ्या बुलबुल खाणार, कोळी पकडणार, गांधीलमाशी उचलून नेणार. काही कोषांतून फुलपाखराऐवजी माशी बाहेर पडेल. पहिल्या वर्षी मी हळवा होऊन सगळ्या अळ्या डब्यात पाळल्या. दमट डब्यात विष्ठा साचली, रोग आला आणि झाडावर मेल्या असत्या त्याहून जास्त मेल्या. मुलांना दाखवायला एखादी पाळायची असेल तर जाळीचं झाकण, रोज ताजी फांदी, रोज सफाई. बाकीच्या झाडावरच बऱ्या.

आणि तण काढणं. इथे घरच्यांशी तह करावा लागतो. आमच्याकडे ठरलंय की पायवाट आणि दर्शनी कडा स्वच्छ, मागचा चौथा हिस्सा माझा. तिथे टाकळा, घोळ, सहदेवी, कुर्डू आणि गवत जसं येईल तसं. गवतावर इव्हनिंग ब्राउनच्या अळ्या असतात. दिवाळीच्या साफसफाईत वाळलेली झाडं मुळापासून उपटून जाळू नका, काड्यांना कोष चिकटलेले असतात. कापायचंच असेल तर अर्धं आत्ता, अर्धं महिन्याने.

वर्षाचं गणित

एप्रिल-मे: कुंड्या भरा, खड्डे काढा, उन्हाळी फुलांना पाणी. पहिले दोन चांगले पाऊस पडले की पेरणी आणि छाट कलमं. जुलैत काही दिसणार नाही, उलट गोगलगाई रोपं खातील, त्या संध्याकाळी हाताने वेचा. ऑगस्टपासून अंडी शोधायला लागा, कोवळ्या पानाच्या खाली आणि कडेला. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा हंगाम. नोव्हेंबरला बी गोळा करा. डिसेंबर-जानेवारीत फुलपाखरं उशिरा उठतात, नऊनंतर बघा. फेब्रुवारीत कढीपत्त्याची हलकी छाटणी केली की मार्चला कोवळी पालवी येते आणि तिच्यावर वर्षाची पहिली अंडी.

रोपं जूनमध्ये लावली तर कढीपत्ता-लिंबावर त्याच पावसाळ्यात अळी दिसू शकते. रुईवर पहिल्या वर्षी क्वचित. अनंतमूळ आणि सापसंदेला दोन-तीन वर्षं द्या.

एक शेवटची अडचण, सगळ्यांना येते म्हणून सांगतो. मॉरमॉनची पोसलेली अळी कोष करायला झाड सोडून दूर चालत जाते आणि नको तिथे कोष करते: दाराच्या चौकटीत, चपलेत, सायकलच्या चाकाला. कोष शेपटीकडून रेशमाच्या गादीत रुतलेला असतो आणि कमरेला एक धागा असतो. शक्यतो हलवू नका. हलवावाच लागला तर कोष न ओढता खालची रेशमी गादी ब्लेडने सुटी करा, आणि त्या गादीला दोऱ्याने बांधून किंवा टाचणीने टोचून कोष खडबडीत काडीवर, डोकं वर, तसाच टेकवा. बाजूला पंख उघडायला हातभर मोकळी जागा हवी. आमच्या न्हाणीघरातल्या बादलीच्या कडीला एक कोष झाला होता. अकरा दिवस ती बादली उलटी ठेवली, आणि बाराव्या दिवशी सकाळी सातला आईने हाक मारली, ‘अरे, तुझं बाळ उठलं बघ.’